आईच्या पोटातलं भिंग

माझ्या नातीनं एकदा माझ्याकडं अंडी मागितली. त्यात नवल काही नाही. घरात कोंबड्या आहेत म्हटल्यावर सगळेच मागतात. मी तिला विचारलं, "खायला पाहिजेत का उबवायला?" तर म्हणाली, "दोन्ही नाही आबा. बघायला पाहिजेत."

मी म्हटलं, बघायला न्यायची कशाला, इथं बस आणि बघ.

तेव्हा ती पुण्यातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत डॉक्टर व्हायला लागली होती. औषध देणारी डॉक्टर नव्हे. ज्या डॉक्टरला पडसं झालं की दुसऱ्या डॉक्टरकडं जावं लागतं, त्यातली. तिचं काम काय, तर कोंबडीचं पिल्लू अंड्यात घडत असताना त्याच्या डोळ्यातलं भिंग कसं तयार होतं आणि त्या भिंगात प्रोटीन कसं भरलं जातं, ते शोधायचं. ह्याला सरकार तिला पगारासारखं काहीतरी देत होतं. मी विचारलं, "किती दिवस लागतात ह्याला?"

"पाच-सहा वर्षं."

"कोंबडी तीन आठवड्यांत करते. तीबी सगळं पिल्लू. तुम्ही नुसतं भिंग."

ती हसली. ती माझ्या बोलण्याला हसते, चिडत नाही, म्हणून घरात माझं तिच्याशीच जमायचं.

आमचं घर हडपसरच्या पुढं, मांजरी गावात. लोक म्हणतात तुम्ही पुण्यात राहायला आलात. आम्ही कुठं हललो नाही, पुणंच चालत आलं आणि दारात बसलं. ऊस होता त्या रानावर आता सोसायटी आहे. मुलगा संगणकाच्या कंपनीत लागला, त्याला उसाचा पाला टोचायला लागला, आणि त्यानं रान बिल्डरला दिलं. घर आणि घरामागचा कोपरा मी दिला नाही. सोसायटीचं नाव इंग्रजी आहे. त्याचा अर्थ हिरवं रान असा होतो, असं मुलगाच सांगतो. आधी रान काढलं आणि मग त्याचं नाव फाटकावर लावलं. त्यांच्या गॅलऱ्या माझ्या कोंबड्यांच्या जाळीवर येतात आणि वरची पोरं खाली बिस्किटं टाकतात. कोंबड्यांचं बरं चाललं होतं.

सोसायटीचा सेक्रेटरी मात्र महिन्याआड यायचा. तरणाताठा माणूस, गळ्यात कंपनीचा पट्टा, रविवारीसुद्धा. पहिल्यांदा आला तेव्हा फार नम्रपणे बोलला. "काका, कोंबड्यांना आमची हरकत नाही. मुलांना निसर्ग बघायला मिळतो. फक्त तो कोंबडा काढा. आमच्यातले निम्मे लोक अमेरिकेच्या टायमिंगवर काम करतात, पहाटे झोपतात."

"मग कोंबड्याला अमेरिकेचं टायमिंग शिकवा. तुमच्यात ट्रेनिंग असतंय ना."

"तसं नाही काका. पण अंडी तर कोंबडीच घालते. मग कोंबडा हवाच कशाला?"

"तुमच्या घरात तुम्ही कशाला?" मी विचारलं. त्यावर तो बराच वेळ विचार करत उभा राहिला. माणूस वाईट नव्हता, फक्त फार शिकलेला होता.

हाच सेक्रेटरी माझ्याकडून अंडी न्यायचा आणि त्यातलं पिवळं टाकून द्यायचा. नुसतं पांढरं खायचा, कारण म्हणे प्रोटीन त्यात असतं. शिवाय त्याच्या घरात बादलीएवढा डबा होता पावडरीचा, तेही प्रोटीनच. त्या काळात मांजरीपासून वाघोलीपर्यंत जो भेटेल तो प्रोटीन म्हणायचा. पूर्वी लोक भेटले की पाऊसपाण्याचं विचारायचे. आता विचारतात, काका, तुमच्या जेवणात प्रोटीन किती असतं? मी सांगायचो, भाकरी असते.

तर नातीला माझीच अंडी का पाहिजेत, हे ह्या सेक्रेटरीला कधी कळलं नसतं. दुकानातल्या अंड्यात जीव नसतो. तिथल्या कोंबडीनं कोंबडा पाहिलेलाच नसतो. माझ्याकडं कोंबडा होता म्हणून माझ्या अंड्यात पिल्लू धरायचं. उबवायला खुडूक बसलेल्या कोंबडीखाली अंडी ठेवायची आणि चार-सहा दिवसांनी काढून दिव्यापुढं धरायची. त्यासाठी मी एका पुठ्ठ्याच्या खोक्यात बल्ब लावला होता आणि खोक्याला अंडं टेकेल एवढं भोक पाडलं होतं. अंड्यात जीव असला की आत लाल शिरांचं जाळं दिसतं आणि त्या जाळ्यात एक काळा ठिपका. तो ठिपका म्हणजे पिल्लाचा डोळा. काळीज आधी चालू झालेलं असतं म्हणे, पण नुसत्या दिव्यावर बघणाऱ्याला आधी डोळा दिसतो. ज्यात ठिपका दिसला त्या अंड्यावर मी पेन्सिलीनं फुली मारायचो. फुलीची अंडी दर शनिवारी नात टोपलीतून घेऊन जायची. ही निवड मी लहानपणापासून करत आलो होतो आणि माझ्या फुलीवर गावात कुणी शंका घेतलेली नव्हती.

एका शनिवारी ती ओट्यावर चहा पीत बसली होती. मी म्हटलं, "ते भिंग भिंग काय करतीस ते एकदा नीट सांग. सोप्या बोलीत."

तिनं सांगितलं. डोळ्याची वाटी मेंदूतून उगवते आणि बाहेरच्या कातडीला आतून टेकते. टेकली की तेवढीच कातडी जाड होते. मग तिथं खळगी पडते, खळगी खोल जाते, आणि मोदकाच्या पारीचं तोंड मिटावं तसं तिचं तोंड मिटतं. झाली एक पोकळ गोळी. ती कातडीपासून सुटते आणि वाटीच्या तोंडावर बसते. मग गोळीच्या मागच्या भिंतीतल्या पेशी लांब लांब होत पुढच्या भिंतीला भिडतात, पोकळी बुजते. त्या पेशी दुसरं काही करत नाहीत, फक्त प्रोटीन बनवतात आणि स्वतःत ठासून भरतात.

"पोत्यात साखर भरल्यागत."

"त्याहून घट्ट. आणि भरून झालं की बाकीचं सगळं बाहेर काढतात आबा. पेशीचं केंद्र असतं ना, ज्यात काय बनवायचं ते लिहिलेलं असतं, तेसुद्धा. उजेडाच्या आड काही यायला नको म्हणून."

"आणि मग परत बनवायचं झालं तर?"

"नाही बनवता येत. जे भरलं ते आयुष्यभर. वरून नवे थर चढत राहतात, कांद्यासारखे. पण अगदी मधला जो भाग आहे तो जन्माच्या आधीचा. आईच्या पोटातला. तुमच्या अंगातलं रक्त, कातडी, सगळं किती वेळा बदललं असेल. हे बदलत नाही."

"माणसाचंबी?"

"माणसाचं पण."

एवढं सांगून तिनं कप विसळला, टोपली उचलली आणि गेली. आबांना थोडं विज्ञान सांगितलं, असं तिला वाटलं असणार.

माझी आई मी रांगत होतो तेव्हाच गेली. तिचा फोटो नाही. तिची वस्तू म्हणून काही मागं राहिलं असेल ते भावकीत कुठं गेलं, मला ठाऊक नाही. एक चुलती सांगायची ती उंच होती, दुसरी सांगायची ठेंगणी होती. मी मोठा झाल्यावर विचारायचं सोडून दिलं. आपल्याकडं तिचं काही नाही, हे एकदा मनाशी धरलं की त्रास होत नाही. आणि आता ही पोरगी कप विसळता विसळता सांगून गेली की आहे, आणि कायम डोळ्यातच आहे. त्या दिवशी मी ओट्यावर डोळे मिटून बसलो होतो, तर बायकोनं विचारलं, पित्त झालंय का.

आता नेमका त्याच सुमाराला माझा उजवा डोळा धुरकट व्हायला लागला होता. बल्बभोवती कडं दिसायचं. चंद्र दोन दिसायचे. माझं म्हणणं असं की दोन दिसत असतील तर नुकसान काय आहे. पण बायको ऐकेना. तिच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन आधीच झालेलं होतं, आणि तेव्हापासून घरातली शांतता गेली होती. तिला आढ्यावरची जळमटं दिसायची, माझ्या सदऱ्यावरचे डाग दिसायचे, आणि पेपर ती मोठ्यानं वाचायची, कोण वारलं त्यापासून. "चला हो," ती म्हणायची, "सुई टोचल्यासारखंबी होत न्हाई."

शेवटी ती आणि नात, दोघींनी मिळून मला सदाशिव पेठेत एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे, अंगानं किरकोळ, बोलणं त्याहून किरकोळ.

"कधीपासून दिसत नाही?"

"दिसतंय की."

"काय दिसतंय?"

"तुम्ही."

"ही बोटं किती?"

"तुमची बोटं मोजायला मी मांजरीवरनं आलो न्हाई."

डॉक्टर नातीकडं वळले. "यांना पेशंट म्हणून आणलंय की साक्षीदार म्हणून?"

मग त्यांनी माझी हनुवटी एका यंत्रावर ठेवली, डोळ्यात उजेड मारला, आणि म्हणाले, "मोतीबिंदू. चांगला पिकलाय."

"पिकला म्हंजी गोड होतो का?"

"नाही. माणूस धडपडतो." त्यांनी हात धुतले. "भिंग काढायचं आणि दुसरं बसवायचं. अर्ध्या तासाचं काम आहे."

"दुसरं कशाचं?"

"प्लास्टिकचं म्हणा."

"आणि माझं?"

"टाकून देतो."

"कुठं?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "इतकी वर्षं हे काम करतोय. लोक विचारतात दुखेल का, पथ्य काय. कुठं टाकता हे आजवर कुणी विचारलं नव्हतं."

"ते माझ्या आईनं केलेलं हाय."

"सगळ्यांचंच आईनं केलेलं असतं, आजोबा."

"म्हणून सगळ्यांचंच टाकता व्हय," मी म्हटलं, आणि उठलो.  हे बियाणं माझ्या डोक्यात कुणी पेरलं ते नातीला त्याच खुर्चीत बसल्या बसल्या कळलं होतं.

घरी आल्यावर बायकोनं तोंड सोडलं. "माझी दोन्ही काढली तवा न्हाई आठवली कुणाची आई?"

"तुझ्या आईला मी हयातीत पुष्कळ बघितलंय."

नातीनं वेगळ्या बाजूनं सुरुवात केली. स्वयंपाकघरात नेऊन तिनं एक अंडं बशीत फोडलं. "हे पांढरं बघा. आत्ता आरपार दिसतंय ना? हे प्रोटीन आहे. आता हेच तव्यावर टाकते." टाकलं. पांढरंफट झालं. "तेच प्रोटीन आहे, काही घातलं नाही, काही काढलं नाही. फक्त आतली घडी मोडली आणि गुठळी झाली. तुमच्या भिंगाचं हेच झालंय. पणजीनं दिलेलं आरपार होतं. आता ते उकडलंय आबा. उकडलेलं अंडं परत कच्चं होत नाही."

"उकडलं तरी अंडं त्याच कोंबडीचं."

ती कपाळाला हात लावून म्हणाली, "मेंदूतलं पण पुष्कळसं आईच्या पोटातलंच असतं आबा. ते तरी वापरा."

बायको इतकी हसली की तिला ठसका लागला.

मी जागचा हललो नाही. ही बातमी भिंतीपलीकडं गेलीच. सेक्रेटरी संध्याकाळी एक डबा घेऊन हजर. "काका, मी नेटवर वाचलं. भिंग म्हणजे सगळं प्रोटीनच. तुमचा इनटेक कमी पडतोय. दुधातून दोन चमचे घ्या." घरचीच माणसं माझ्या डोळ्याची चेष्टा करत असताना हा एकटा मनापासून बोलला, म्हणून मी डबा ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी कोंबड्यांपुढं टाकला. त्यांनी वास घेतला आणि बिस्किटांकडं गेल्या.

असं करत वर्ष-दीड वर्ष निघालं. अंडी बघायचं काम मी सोडलं नव्हतं. पूर्वी हातभर अंतरावरून बघायचो, आता पापणी टरफलाला लागेपर्यंत जवळ जायचो, एवढाच फरक. ठिपका दिसायचा. निदान दिसल्यासारखा व्हायचा, आणि मी फुली मारायचो. शनिवारी नातीला विचारायचो, "मागची कशी निघाली?" ती म्हणायची, "छान आबा. सगळी छान."

एका शनिवारी ती आली नाही. फोनवर म्हणाली, काम आहे, पुढच्या आठवड्यात नेते. पण अंडं पुढच्या आठवड्यापर्यंत थांबत नाही. आत जो घडत असतो त्याला तिच्या कामाचं काय. मी टोपलीत भाताचं तूस घातलं, फुलीची अंडी मांडली आणि बसनं निघालो. डावा डोळा बराचसा चालत होता, आणि उजव्याचं मी कंडक्टरला सांगितलं नाही.

प्रयोगशाळेच्या फाटकावर वॉचमननं ओळखपत्र मागितलं. मी टोपलीवरचं फडकं उचललं. त्यानं फोन केला आणि थोड्या वेळानं एक बाई स्वतः खाली आल्या, नातीच्या मोठ्या बाई, ज्यांच्या हाताखाली ती शिकत होती. त्यांनी दोन्ही हात जोडले. "तुम्हीच ते आबा का? अहो, आमची अख्खी लॅब तुमच्या अंड्यांवर जगते."

मला तोच शब्द ऐकायचा होता. मी म्हटलं, "रान गेलं, पण कामाचं काही तरी आमच्याकडनं जातंय अजून."

"चला ना वर. चहा घ्या."

वर एका खोलीत पोरं-पोरी डबे उघडून बसली होती. कोपऱ्यात विजेची शेगडी, तिच्यावर तवा, आणि एक मुलगा भांड्यात अंडी फेटत होता. बाई म्हणाल्या, "बाहेरच्या अंड्यांना ही चवच नाही. असलं ऑम्लेट पुण्यात कुठं मिळणार नाही, आबा."

शेगडीखाली डबडं होतं. डबड्यात टरफलं होती. मी वाकून एक टरफल उचललं आणि डाव्या डोळ्यापुढं धरलं. त्यावर माझी फुली होती. दुसरं उचललं. त्यावरही होती.

"आणि भिंगाच्या कामाला?" मी विचारलं.

"त्याची हॅचरीतून येतात, वाघोलीच्या बाजूनं. तपासलेली असतात. तुमची म्हणजे..." एवढं बोलून बाई थांबल्या. शिकलेल्या बाई, लगेच कळलं त्यांना. तेवढ्यात दारात नात उभी होती.

परत येताना ती माझ्याबरोबर रिक्षात बसली. मी नको म्हटलं तरी बसली. हडपसर आल्यावर मी विचारलं,

"कधीपासनं?"

"मागच्या दिवाळीपासून. आधी थोडी रिकामी निघायची, मग एखाददुसरंच बरं निघायला लागलं. आम्ही तिथं परत दिव्यावर बघतो ना. रिकामी टाकून कशी द्यायची, म्हणून मग..."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं आबा."

"आता काय वाटतंय असं वाटतं तुला?"

 ती म्हणाली, "तुम्ही शनिवारी फडकं उचलून अंडी दाखवता ना, तेव्हा तुमचा चेहरा बघून माझ्याच्यानं बोलवत नव्हतं."

रिक्षावाला आरशातून बघत होता. मी त्याला म्हटलं, "पुढं बघून चालव. तुझे तरी डोळे चांगले असतील."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही, आणि कारण अंड्यांचं नव्हतं. मला लहानपणच्या त्या बायका आठवल्या. बिनआईचं पोर म्हणून जाता-येता मला हाक मारायच्या आणि हातावर चतकोर ठेवायच्या. आवाज असा मऊ काढायच्या, जसा आजाऱ्याशी काढतात. ती भाकरी मी कधी खाल्ली नाही. म्हशीला घातली, कुत्र्याला घातली, पण खाल्ली नाही. सगळी हयात मी ह्या एका गोष्टीवर काढली की मला कुणी तो आवाज काढून बोलू नये. आणि आता माझी नात दर शनिवारी तोच आवाज काढत होती, छान आबा, सगळी छान. आईचं म्हणून जे मी जपून ठेवलं होतं, त्याच्यामुळंच मला पुन्हा बिनआईच्या पोराची भाकरी मिळायला लागली होती.

सकाळी बायकोला म्हटलं, "पेठेत जायचंय."

तिनं कारण विचारलं नाही. तिला कळतं कधी विचारू नये ते, फक्त फार क्वचित कळतं.

डॉक्टरांना मी माझी अट सांगितली. काढा, पण काढलेलं माझ्या हातात द्या. ते म्हणाले, "आता तसं नसतं आजोबा. बारीक छेद घेतो, आतल्या आत फोडतो आणि ओढून घेतो. हातात द्यायला काही उरत नाही."

"भुगा नको. अख्खं पाहिजे."

"बघू दे." पुन्हा हनुवटी यंत्रावर, पुन्हा उजेड. ह्या वेळी त्यांनी बराच वेळ बघितलं. "तुमचं नशीब. इतकं कडक झालंय की फोडायच्या भानगडीत मी पडणार नाही. मोठा छेद घेऊन अख्खंच काढावं लागेल."

"पक्कं काम हाय आईचं."

"आईचं नाही. तुमच्या उशिराचं." मग नर्सला म्हणाले, "यांच्यासाठी एक बाटली बाजूला ठेवा. आणि हसू नका."

पट्टी दुसऱ्या दिवशी सुटली. पहिली दिसली ती दवाखान्याची भिंत. इतकी पांढरी भिंत मी कित्येक वर्षांत बघितली नव्हती. पूर्वी घराला रंग देताना पिवळा का दिला म्हणून मी मुलाशी भांडलो होतो, तो पिवळा नव्हताच. मग बायको दिसली. मी डोळा चोळायला हात उचलला. तीच म्हणाली, "मला दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं तुम्हाला बघून."

डॉक्टरांनी बाटली दिली. तळाशी एक गोल चकती होती, मसुरीच्या डाळीपेक्षा थोडी मोठी, आणि रंग काकवीचा. आमच्या रानातल्या उसाची काकवी अशीच निघायची. घरी आणून मी बाटली कपाटावर ठेवली. बायकोनं निरखून बघितलं.

"सासूबाई हायत व्हय ह्यात?"

"मधी. अगदी मधी."

तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि बाटलीला वाकून नमस्कार केला. मग सरळ होत म्हणाली, "सावळ्या होत्या म्हणायच्या."

नातीनं मात्र चेष्टा केली नाही. ती बाटली उजेडात धरून म्हणाली, "आबा, हे इथं नासेल. मी घेऊन जाऊ? आमच्याकडं थंड ठेवता येतं. आणि थर काढून मधला भाग बघता येईल. चालेल का? नको असेल तर नको."

मी दोन दिवस घेतले. मग म्हटलं, ने. "पण एक. जे निघंल ते सांगायचं. छान आबा म्हणायचं न्हाई."

"नाही म्हणणार."

तोवर मी खोका काढला आणि बल्ब लावला. कोंबडीखालची अंडी एकेक करून नव्या डोळ्यापुढं धरली. हातभर अंतरावरून, पूर्वीसारखी. सगळं अंडं उजळायचं, पिवळ्याची सावली इकडून तिकडं सरकायची, आणि बस्स. शिरा नाहीत, ठिपका नाही. पुन्हा पहिल्यापासून बघितली. सगळी रिकामी. बल्ब बदलला. तरी रिकामी. मग मी जाळीशी गेलो आणि कोंबड्याकडं नीट बघितलं. नवा डोळा बसवल्यापासून त्याला नीट बघितलाच नव्हता. तुरा वाळलेला, एका पायानं लंगडत होता, आणि कोंबड्या त्याच्या पुढून बिनधास्त निघून जात होत्या. आरवायचा तेवढा नेमानं. सोसायटीनं ज्याच्याविरुद्ध तीन अर्ज केले, तो नुसता आवाजाचाच धनी राहिला होता. डोळा चांगला असता तर हे मला दिवाळीलाच कळलं असतं.

सेक्रेटरीला मी काही सांगितलं नाही. कोंबडा कशाला पाहिजे ह्या त्याच्या प्रश्नाला इतक्या उशिरा उत्तर देणं मला परवडणारं नव्हतं.

डावा डोळा अजून तसाच आहे. डॉक्टर फोन करवतात, मी बघू म्हणतो. दोन डोळ्यांनी दोन पुणी दिसतात. उजव्यानं बघितलं की सोसायटीच्या भिंतीवरच्या भेगा दिसतात आणि प्लास्टर सुटलेलं दिसतं. डाव्यानं बघितलं की इमारत चांगली वाटते, संध्याकाळचं ऊन पडल्यासारखी. घर घ्यायला येणाऱ्या लोकांना बिल्डर बहुतेक असलंच भिंग वाटत असणार.

महिन्याभरानं नात शनिवारी आली. टोपली नव्हती तिच्या हातात. ओट्यावर बसली, चहा घेतला नाही. मी आधी माझं सांगून टाकलं.

"तुझ्या कामाचं एकबी अंडं न्हाई. आणि ते डोळ्याचं न्हाई, कोंबडा संपलाय. दुसरा आणंपर्यंत माझ्याकडनं काही घेऊ नको. खायला पाहिजेत तर खायला म्हणून ने."

"बरं," ती म्हणाली.

"आता तुझं सांग."

तिनं माझ्याकडं बघितलं. खरं सांगायला तिला जड जात होतं, पण आवाज मऊ केला नाही. "मधला भाग वेगळा काढला आबा. पाहिलं. त्यात विशेष काही नाही. जुनं प्रोटीन, गुठळ्या झालेलं. बाकीच्या म्हाताऱ्या माणसांच्या भिंगात असतं तसंच."

"काहीच वेगळं न्हाई?"

"काहीच नाही. सगळ्यांच्या आया तेच भरतात."

 कुणी मला ती उंच होती म्हणून सांगितलं होतं, कुणी ठेंगणी. तपासून सांगितलेलं असं हे पहिलंच. माझी आई इतरांच्या आयांसारखी होती. मी नातीला म्हटलं, चहा घे, गार होतोय.